खापरखवल्याचा मुलूख

साप म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम नाग उभा राहतो. घाटावरचा असेल तर त्याला घोणस आणि मण्यार आठवते, आणि कोकणातला असेल तर जांभ्याच्या गडग्यात वेटोळे घालून बसलेले फुरसे आठवते. ज्यांच्या दंशाने माणूस मरतो, ज्यांची पूजा होते किंवा ज्यांच्यावर काठी उगारली जाते, त्यांचीच ओळख आपण ठेवली. पण ज्याला विष नाही, फणा नाही, जो आपल्या वाटेत आडवा येत नाही आणि ज्याचे सारे आयुष्य आपल्या पायांखाली हात-दोन हात खोल, ओल्या काळोख्या मातीत निघून जाते, असा एक साप सह्याद्रीच्या एका आखूड पट्ट्यात राहतो, आणि त्या पट्ट्याबाहेर पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही तो राहत नाही, ही गोष्ट सावंतवाडी-बेळगाव रस्त्यावरून आयुष्यभर जा-ये केलेल्या माणसांनाही बहुधा ठाऊक नसते.

खापरखवल्या हे त्याच्या घराण्याचे मराठी नाव. ज्याने ते प्रथम उच्चारले त्याची निरीक्षणशक्ती सूक्ष्म असली पाहिजे. कारण या कुलातील पुष्कळशा सापांची शेपटी इतर सापांप्रमाणे निमुळती होत न जाता एकाएकी तिरकी कापल्यासारखी संपते, आणि त्या कापावर फुटक्या मडक्याच्या खापरीसारखी खरखरीत, कंगोरेदार चकती बसवलेली असते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १८२९ मध्ये यांतील एका प्रजातीला यूरोपेल्टिस असे नाव दिले, त्याचा ग्रीक भाषेतील अर्थही शेपटीवरची ढाल असाच आहे. त्याला जेथे योद्ध्याची ढाल दिसली तेथे आपल्या माणसाला चुलीमागची खापरी दिसली, एवढाच काय तो फरक. या कुलात आज पन्नासाहून अधिक जाती मोजल्या जातात, आणि त्या सगळ्या दक्षिण भारत व श्रीलंका या दोन भूमींतच आहेत. हे घराणे समुद्र ओलांडून पलीकडे गेले नाही आणि विंध्यापलीकडेही त्याने पाय टाकला नाही.

पाय टाकला नाही हे अर्थातच बोलण्याच्या ओघात. प्रत्यक्षात या प्राण्याने जमिनीवरून चालण्याची कलाच जवळजवळ सोडून दिली आहे. पोटाखालचे जे रुंद आडवे खवले इतर सापांना भूमी पकडून पुढे सरकायला उपयोगी पडतात, ते याच्या अंगावर आक्रसून अगदी अरुंद झाले आहेत, त्यामुळे उघड्या जमिनीवर ठेवलेला खापरखवल्या वळवळतो, धडपडतो आणि जागच्या जागी वेडावाकडा होत राहतो. तोच तळहाताएवढ्या मऊ मातीत सोडला की त्याचे डोके पहारीसारखे आत शिरते आणि बघता बघता सारे अंग दिसेनासे होते. डोके लहान व टोकदार असून कवटीची हाडे एकमेकांना घट्ट जुळलेली असतात. डोळे मोहरीच्या दाण्याएवढे असतात आणि पुष्कळ जातींत ते पारदर्शक खवल्याखाली झाकलेले असतात, म्हणजे मातीचा कण डोळ्यात जाण्याची धास्तीच राहत नाही.

मातीत बोगदा कसा खणायचा, हा प्रश्न निसर्गाने येथे ज्या रीतीने सोडवला आहे तिचा उलगडा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गॅन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केला. त्यांना असे आढळले की, या सापाचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो. बाहेरून कातडे सरळच राहते, पण वळलेल्या कण्यामुळे अंग त्या ठिकाणी जाड होऊन बिळाच्या भिंतींना पाचरीसारखे घट्ट बसते, आणि त्या आधारावर कणा पुन्हा सरळ होताना डोके मातीत पुढे रेटले जाते. हे अवजड काम शरीराचा पुढचा भागच करतो. तेथील स्नायू गडद तांबडे असतात, प्राणवायू साठवणाऱ्या द्रव्याने भरलेले असतात आणि दीर्घ काळ न थकता राबू शकतात. मागच्या भागातील स्नायू फिकट असतात आणि ते अंग पुढच्या अंगामागे ओढले जाते. गॅन्स यांनी याला मालगाडीची उपमा दिली, ती मला फार समर्पक वाटते, कारण पुढे इंजिन आणि मागे निमूटपणे येणारे डबे, या डब्यांत गांडुळांनी भरलेले पोट व पिलांनी भरलेले गर्भाशय असा सारा माल, आणि रूळ मात्र इंजिनानेच अंधारात स्वतः टाकत जायचे, असा हा प्रवास आहे. खापरखवल्या अंडी घालत नाही. मादी थेट पिलांनाच जन्म देते.

शेपटीवरच्या त्या खापरीचे काय प्रयोजन, तेही याच बिळाशी निगडित आहे. तिच्या कंगोऱ्यांवर ओली माती चिकटते आणि तिचा गोळा बिळाला बुचासारखा बसतो. मागून एखादा साप किंवा दुसरा शत्रू आला तर त्याच्या तोंडी प्रथम मातीचा गड्डा लागतो. बाकीच्या अंगावर मात्र मातीचा कणही राहत नाही. तेथील खवल्यांच्या पृष्ठभागावर इतकी सूक्ष्म घडण असते की चिखल त्यांवरून निथळून जातो, आणि त्याच घडणीमुळे प्रकाश फुटून सापाच्या काळ्या अंगावर निळी, जांभळी, हिरवी झाक खेळू लागते. ही झळाळी कोणाला दाखवण्यासाठी नाही. ज्याचे आयुष्य अंधारात जायचे त्याच्या अंगावर इंद्रधनुष्य यावे, ते माती झटकण्याच्या गरजेपोटी यावे, ही सृष्टीतील मला अत्यंत हृद्य वाटणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आंबोलीस एका परिचित वृद्ध गृहस्थांच्या घरी उतरलो असताना हा प्राणी मी प्रथम पाहिला. आषाढ लागलेला होता. चार दिवसांच्या संततधारेनंतर दुपारी घटकाभर उघडीप मिळाली म्हणून ते घरामागच्या परड्यात फणसाखालचे शेणखत कुदळीने ओढत होते, आणि मी पडवीत बसून ओल्या मातीचा वास घेत होतो. एकाएकी कुदळ थांबली.

“जरा हडे येवा,” ते म्हणाले, “ह्या जनावराक दोन तोंडां आसत. खंयच्या बाजून चलता ता तेकाच ठावक.”

कोकणात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. घाटावर लांबडं म्हणतात. नाव घेतले की तो येतो अशी जुनी समजूत. मी खाली उतरून पाहिले तर खताच्या ढिगाच्या कडेला, कुजक्या पाल्यात, करंगळीहून किंचित जाड आणि हातभर लांब असा एक काळाभोर साप गुंडाळून पडला होता. उन्हाची एक तिरीप फणसाच्या पानांतून त्याच्यावर आली आणि त्याचे काळेपण क्षणात मालवून त्या जागी मोरपिसाचा निळा उमटला. ढग आला तेव्हा पुन्हा काळा. त्याने फूत्कार केला नाही, तोंड वासले नाही, डोके वर उचलले नाही. उलट ते वेटोळ्याच्या खाली खुपसले आणि आखूड, बोथट शेपटी तेवढी बाहेर ठेवली, तेव्हा तोंड कोठले आणि शेपूट कोठले, या म्हाताऱ्यांच्या प्रश्नाला मलाही सहजासहजी उत्तर देता येईना. त्यांनी कुदळीचा दांडा उचललाच होता. मी त्यांना, काका, हे विषारी नव्हे, गांडुळे खाऊन राहणारे गरीब जनावर आहे, असे सांगितले, त्यावर त्यांनी दांडा खाली टेकला, आणि मारायचे नाही तर मग त्याच्या जागेवर त्याला जाऊ द्या, एवढेच म्हणून ते पान लावायला पडवीत गेले.

मुंबईस परतल्यावर मी सापांची यादी चाळली. त्या काळच्या वर्गीकरणाप्रमाणे मी पाहिलेल्या सापाचे नाव मेलॅनोफिडियम पंक्टॅटम असे निघत होते. मेलॅनोफिडियम म्हणजे ग्रीक भाषेत छोटा काळा साप. पंक्टॅटम हे जातीचे नाव रिचर्ड हेन्री बेडम या मद्रास इलाख्याच्या जंगल खात्यातील अधिकाऱ्याने १८७१ मध्ये दिले होते. खात्याच्या कामानिमित्त दक्षिणेचे डोंगर पायी तुडवणाऱ्या या मनुष्याने वनस्पती, शिंपले, बेडूक, सरडे आणि साप यांच्या किती नव्या जाती जगापुढे ठेवल्या, ते पाहिले म्हणजे मन थक्क होते, आणि खापरखवल्यांच्या अभ्यासाचा पाया तर बव्हंशी त्यानेच घातला. आपल्या मुंबई इलाख्यात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आश्रयाने झाले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला आपल्या मद्याच्या पेढीत जागा देणारे व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांचे नाव १८८८ मध्ये एका खापरखवल्याला मिळाले, आणि १९५५ मध्ये चारी यांनी महाबळेश्वरच्या खापरखवल्याचे एका निराळ्या उपजातीच्या नावाने वर्णन केले.

पण पंक्टॅटमच्या नोंदीत एक गोष्ट खटकण्यासारखी होती. बेडमचा तो साप त्रावणकोरच्या डोंगरांतला, म्हणजे पार दक्षिण टोकाचा; आंबोली तेथून आठशे किलोमीटरहून अधिक उत्तरेस. जो प्राणी परड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उघड्यावर जाऊ शकत नाही, त्याने पालघाटची मोठी खिंड, कोरडे चढउतार आणि नद्यांची खोरी ओलांडून दोन टोकांना एकच रूप टिकवावे, हे कसे घडले असेल? या शंकेचे उत्तर २०१६ मध्ये मिळाले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन, आणि आपल्याकडचे वरद गिरी व अशोक कॅप्टन या चौघांनी जुने नमुने व नवे नमुने समोरासमोर ठेवून ताडून पाहिले आणि उत्तरेकडचा हा साप निराळी जात आहे असे सप्रमाण दाखवले. बेडमनंतर सुमारे दीडशे वर्षांत या प्रजातीत नव्या जातीची ही पहिलीच भर होती. तिचे नमुनास्थळ आंबोली, आणि तिचे नाव मेलॅनोफिडियम खैरेई.

नाव ठेवले ते पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचे. १९८० मध्ये काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास बसून राहिलेले खैरे जुन्या वाचकांना आठवत असतील. साप स्वतः होऊन माणसावर चालून येत नाही हे लोकांच्या डोळ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी ते धाडस केले, आणि पुढे कात्रजच्या सर्पोद्यानाच्या उभारणीत आयुष्य वेचले. महाराष्ट्रात साप दिसताच काठी शोधण्याऐवजी सर्पमित्राला बोलावण्याची जी रीत पडली, तिच्यामागे त्यांच्यासारख्यांचे श्रम आहेत; म्हणून अत्यंत निरुपद्रवी अशा एका सापाला त्यांचे नाव मिळाले याचा मला विशेष आनंद वाटतो. मराठीत या जातीला खैरेंचा काळा खापरखवल्या म्हणतात. खरे तर याच्या शेपटीला घराण्याची ती खापरी नाही. त्याच्या प्रजातीची शेपटी दोन्ही बाजूंनी किंचित दाबलेली असते, आणि हनुवटीखाली एक उभी खाच असते, जी यूरोपेल्टिस प्रजातीत नाहीशी झालेली आहे.

नाव निराळे झाले म्हणजे कागदावर फक्त एक ओळ वाढली, असे कोणी समजू नये. पूर्वी हा साप कन्याकुमारीच्या जवळच्या डोंगरांपासून सावंतवाडी तालुक्यापर्यंत पसरला आहे असे दप्तरी दाखल होते. एके ठिकाणी नष्ट झाला तर दुसरीकडे तो आहेच, अशी निश्चिंती त्या नोंदीत होती. आता त्याचा मुलूख दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटक यांच्या माथ्यावरचा तेवढा पट्टा, असे ठरले.

आणि नकाशावर दिसतो तेवढाही तो मुलूख खरोखर नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अगदी धारेवर वसलेली आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकण ओलांडून या भिंतीला थडकतात आणि वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे ओततात. पण आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे उतरावे तर काही कोसांतच पाऊस काही पटींनी घटतो, माती कोरडी व घट्ट होते आणि झाडी विरळ होत जाते. पश्चिमेला कडा तुटलेला, खाली कोकणची उष्ण सखल भूमी. वर माथ्यावरसुद्धा जांभ्याचे सडे पसरलेले, ज्यांच्या पाठीवर बोटभरही माती ठरत नाही. म्हणजे पूर्वेला कोरडेपणा, पश्चिमेला कडा, मध्ये खडक, आणि यांच्या सांध्यांत जेथे दाट सावली आहे, पाला शतकानुशतके कुजून माती भुसभुशीत झाली आहे, गांडुळे आहेत आणि वैशाखातही हातभर खाली ओल टिकते, तेवढे तुकडेच त्याच्या वस्तीचे. दोन तुकड्यांमध्ये उघडा सडा आला की पलीकडचा तुकडा त्याला परदेशच. उन्हाळ्यात तो ओलीचा माग काढत खोल उतरतो. मृगाचे पाणी मातीत शिरले की वर येतो, आणि वर्षातले काही आठवडेच माणसाच्या दृष्टीस पडतो.

अशा कोंडलेल्या मुलखांत इतरही प्राणी आपापल्या मर्यादित हद्दींत नांदतात. आंबोलीच्या सड्यांवर पहिल्या पावसात साचणाऱ्या डबक्यांभोवती जमणारा पट्ट्यापट्ट्यांचा भेक २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने ज्ञात झाला. २००३ मध्ये येथूनच वर्णन झालेल्या देवगांडुळाला निसर्गशास्त्रज्ञ जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले गेले. देवगांडूळ हा बेडकांचा बिनपायांचा आप्त, आणि शेतात खणताना निघाला म्हणजे लोक त्याची व खापरखवल्याची हमखास गल्लत करतात. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातला मासा २०२० मध्ये नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. कुंडाला काठ आहे, देवाचा धाक आहे, त्यामुळे त्याची हद्द आखता आली. परड्याच्या कडेच्या मातीची हद्द कोण आखणार?

सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचा मालक असतो, आकार असतो, पीकपाण्याची नोंद असते, विहिरीची व झाडांची नोंदही असते. पण मातीच्या भुसभुशीतपणाला रकाना नाही. घाटमाथ्याच्या जमिनींना अलीकडे जी किंमत आली आहे तिच्यापायी उतारावरची राई तोडून, यंत्राने माती खरवडून सपाट तुकडे पाडले जातात, आणि मग त्यांवर टुमदार घरे उठतात, हिरवळ लावली जाते, झाडेही लावली जातात, त्यामुळे पाहणाऱ्याला काही गेले आहे असे वाटतच नाही. पण यंत्राच्या वजनाने दाबलेली आणि वरचा थर निघून गेलेली माती या सापाला भिंतीसारखी असते. बॉक्साइटसाठी माथा उकरला तर काय होत असेल ते सांगायलाच नको. २०१२ मध्ये युनेस्कोने सह्याद्रीतील एकोणचाळीस स्थळांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी त्यांत आहेत, आंबोली नाही. त्या यादीवाचून जंगल टिकत नाही असे मी म्हणत नाही. आंबोलीच्या देवरायांनी हे काम कोणत्याही सनदेशिवाय केले आहे. पण ज्या प्राण्याची सर्व वस्ती इतक्या थोड्या जागेत आहे, त्याची जागा ठरवताना डोंगर व झाडे मोजून भागणार नाही, मातीही मोजावी लागेल, हे मात्र मी आग्रहाने म्हणतो.

रस्त्याचा धोका निराळा. पावसाळ्यात धबधबे पाहायला येणाऱ्या गाड्यांची रीघ रात्रीही सुरू असते, आणि त्याच दिवसांत मातीत पाणी भरल्यामुळे खापरखवल्या वर आलेला असतो. डांबरावर त्याचे खवले धरत नाहीत. तो तेथे जितका वेळ वळवळतो तितक्यात चार चाके जातात. सकाळी दिसते ती काळी, चपटी दोरी. जिवंत सापडलाच तर दुतोंड्या म्हणून त्याची काळजी वाटते, कारण मांडुळाच्या बोथट शेपटीवरून गुप्तधनाच्या आणि भाग्याच्या ज्या खुळ्या कल्पना पसरल्या व ज्यांपायी कितीतरी मांडुळे पोत्यांत भरून विकली गेली, त्या कल्पनांना हाही प्राणी बळी पडू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा व्यापार गुन्हा ठरतो. आणि ज्याला सापांची नीट पारख नाही त्याने काळा, बारीक साप दिसला तरी हात लावू नये. त्याच जंगलात पोवळा सापही राहतो, आणि तो विषारी आहे.

त्या दुपारी आंबोलीच्या परड्यात मी एक वाळकी काटकी घेऊन खताच्या कडेची माती थोडी उकरून दिली. साप प्रथम हललाच नाही. मग वेटोळ्याखालून टोकदार डोके निघाले, काटकीने पडलेल्या खळग्यात त्याने ते दोनदा इकडेतिकडे टेकवून पाहिले आणि आत घातले. मानेजवळचे अंग फुगले, बारीक झाले, पुन्हा फुगले. प्रत्येक वेळी बोटभर साप कमी होत गेला, आणि वरची माती मुंगीच्या वारुळासारखी किंचित उचलली जाई. शेवटी शेपटीचा बोथट काळा ठिपका तेवढा राहिला. तोही गेला, तेव्हा पडवीतून पान चघळत आलेल्या काकांनी विचारले, “खंय गेला?” मी जागा दाखवली. पुन्हा थेंब पडू लागले होते. त्यांनी कुदळ उचलली, ढिगाची ती बाजू सोडून दिली आणि पलीकडच्या बाजूने खत ओढायला लागले.